हातातलं शहाणपण

प्रिय बाळा,

तुझं पत्र मिळालं. बायबलातलं नीतिसूत्रे हे पुस्तक वाचायचं सोडलंस म्हणतोस. ‘उद्योग्याचा हात धनवान करतो’ असं दहाव्या अध्यायात आहे, आणि तुझ्या बाबांनी अर्नाळ्याच्या समुद्रात जन्मभर डोल जाळं टाकून शेवटी होडी विकली. कुणाचा पैसा बुडवला नाही, कधी घरी बसून राहिले नाहीत. मग हे वचन खोटं का, असं तू विचारतोस. प्रश्न रास्त आहे आणि तो विचारल्याबद्दल देव तुझ्यावर रागावणार नाही.

जुन्या करारात शहाणपणाला ‘होखमा’ हा हिब्रू शब्द आहे. निवासमंडप, म्हणजे देवाच्या उपासनेचा तंबू, घडवणाऱ्या कारागीर बसालेलच्या कसबालाही निर्गम या पुस्तकाच्या 31व्या अध्यायात हाच शब्द येतो. बाबा जाळं तुणायला बसतात तेव्हा बघ. पायाच्या अंगठ्याने जाळं ताणून धरतात, फाटका डोळा बोटांनी चाचपतात, सगळं जवळजवळ न बघता. ते तू पुस्तकातून शिकला नाहीस, शेजारी बसून शिकलास. नीतिसूत्रांशेजारीही तसंच बसावं लागतं. त्याचे अध्याय 31, म्हणून पुष्कळ जण तारखेप्रमाणे रोज एक वाचतात. मला तेही फार वाटतं. एक ओळ घे आणि दिवसभर मनात घोळव.

26व्या अध्यायात मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको, असं म्हटलंय आणि लगेच पुढच्याच ओळीत उत्तर दे असं. चूक नाही ती. उधाणाला काय करायचं आणि भांगाच्या मंद भरतीला काय, हे होडीच्या तांडेलाला वेगवेगळं ठाऊक असतं. दोन्ही खरं, वेळ ओळखता आली पाहिजे. उद्योगी हाताचं वचनही असंच आहे. बहुतेकदा खरं ठरतं, पण देवाने सही करून दिलेला करार नव्हे तो. म्हणून तर बायबलातलंच उपदेशक हे पुस्तक 9व्या अध्यायात स्पष्ट सांगतं की शहाण्याला अन्न मिळेलच असं नाही, वेळ आणि प्रसंग सगळ्यांनाच गाठतात. दोन्ही पुस्तकं एकाच बायबलात आहेत, यातच मला देवाचा प्रामाणिकपणा दिसतो.

ईयोबाबद्दल, म्हणजे निर्दोष असूनही सगळं गमावून बसलेल्या बायबलातल्या त्या माणसाबद्दल, मात्र एक कबूल करायचंय. शेजारचा मुलगा समुद्रातून परत आला नाही, तेव्हा मी त्याच्या आईला ‘देवाची इच्छा’ म्हणालो. ती काही बोलली नाही, फक्त पदराचं टोक पिळत राहिली. ईयोबाचे मित्र आधी सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले. तेवढंच त्यांचं बरोबर होतं. तोंड उघडलं आणि बिघडलं. शेवटी देव त्यांच्यावर रागावतो आणि तक्रार करणारा ईयोबच माझ्याविषयी नीट बोलला, म्हणतो. मी हे त्या आईच्या अंगणात शिकलो, फार उशिरा.

तेव्हा तुझी तक्रार दाबू नकोस. प्रार्थनेत जशीच्या तशी मांड.

आणि स्तोत्र 107 काढ, 23व्या ओवीपासून. गलबतांवरचे लोक वादळात सापडतात आणि त्यांचं सगळं शहाणपण गिळलं जातं. मुळात शब्द तोच, होखमा. पुढच्याच ओवीत ते आकांत करतात आणि शेवटी परमेश्वर त्यांना हव्या असलेल्या बंदरात नेतो. रात्री जेवणं झाली की बाबांजवळ बसून मोठ्याने वाच. ते काही बोलले नाहीत तरी बसून राहा.

तुझा काका