डिपरच्या उजेडाचा हिशेब

चि. यास अनेक आशीर्वाद.

शनिवारी नाशिकच्या अंबडमधली कारखान्याची दुसरी पाळी सुटली की गाडी काढून थेट उमराण्याला निघणार, असं कळवलंस. घरची ओढ कळते, म्हणून जाऊ नकोस असं म्हणत नाही. निघण्याआधी एवढं मात्र वाच.

रात्रीचा वेग रस्ता किती मोकळा आहे यावर ठरवू नकोस, दिव्यावर ठरव. डिपरवर, म्हणजे दिव्याचा झोत खाली असताना, कामाचा उजेड पडतो साधारण ४०-५० मीटर. ताशी ८०च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. समोरचं दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद, म्हणजे ३३ मीटर गेले. त्यापुढे कोरड्या डांबरावरही थांबायला ३५-४० मीटर लागतात. म्हणजे उजेड संपल्यावर आणखी २०-२५ मीटर पुढे जाऊन तू थांबणार. ६०ला हीच बेरीज ४५च्या आसपास येते आणि कशीबशी उजेडात बसते. पावसात तीही बसत नाही. समोर कुणी नसेल तेव्हा अपर, म्हणजे वरचा लांब झोत, जरूर लाव. समोरून गाडी आली की डिपर कर आणि त्याच क्षणी वेगही उतरव. हे दुसरं बहुतेकजण विसरतात.

हा हिशेब आडगाव सोडलं की लगेच कामाला येतो. ओझर-पिंपळगाव पट्ट्यात कांद्या-टोमॅटोच्या ट्रॉल्या रात्रीही चालू असतात. ट्रॅक्टरचे मागचे दिवे ट्रॉलीआड दडतात. ट्रॉलीचा रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला नाहीतर ताडपत्रीखाली गेलेला असतो. ती २० नं चाललेली, तू ८० नं मागून आलास, तर ५० मीटरचं अंतर तीन सेकंदांत संपतं. समोरून एकच दिवा येताना दिसला तर मोटारसायकल समजू नकोस. कोणत्या बाजूचा बल्ब गेलाय ते कळत नाही, म्हणून डावीकडे सरक.

समोरच्याचा प्रकाश डोळ्यावर आला की नजर डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर ठेव. काचेची आतली बाजू दर आठवड्याला ओल्या, मग कोरड्या फडक्यानं पूस. आत धुळीचा तेलकट थर बसतो आणि समोरचा दिवा त्यावर फाकतो. डिकीत पोती किंवा मागे माणसं असली की गाडीचं नाक वर उठतं, तेव्हा स्टिअरिंगजवळचं ० ते ३ आकड्यांचं बटण वरच्या आकड्यावर घे म्हणजे दिवे खाली येतात.

राहुड घाटात उतारावर गिअर खालचा ठेव. ब्रेक सतत दाबून धरला तर तापतो आणि पकड सोडतो. लादलेल्या ट्रकच्या पुढ्यात रेंगाळू नकोस, त्याचेही ब्रेक तापलेलेच असतात.

झोपेबद्दल जरा कडक सांगतो. आठ तास उभं राहून काम केल्यावर डोळा लागतो तो न सांगता. ८०च्या वेगात चार सेकंदांची डुलकी म्हणजे जवळजवळ ९० मीटर गाडीला चालकच नाही. मागचे दोन किलोमीटर आठवत नसतील, गाडी पट्टीवर चढत असेल, तर ती डुलकीची सुरुवात आहे. काच उघडून किंवा गाणी लावून ती टळत नाही. उजेड असलेल्या पंपावर थांब, कॉफी घे आणि लगेच १५-२० मिनिटं झोप. कॉफीचा परिणाम व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो. रस्त्याच्या कडेला गाडी लावून मात्र कधीच झोपू नकोस.

गाडी बंद पडली तर चारही इंडिकेटर चालू कर, लाल त्रिकोण निदान ५० मीटर मागे ठेव आणि सगळ्यांना कठड्यापलीकडे ने. गाडीच्या मागे उभं राहून टायर बदलायला घेऊ नकोस. महामार्गावरच्या मदतीला १०३३, रुग्णवाहिकेला १०८, पोलिसांना ११२.

आणि आईला फोन करशील तेव्हा निघाल्याची वेळ सांग, पोहोचण्याची सांगू नकोस. पोहोचायची वेळ दिली की तुझा पाय ती गाठायला बघतो.

तुझा,
काका