आधी लॅपटॉप कपाटातून काढा

प्रश्न : माझी मुलगी अकरावी सायन्सला आहे. दहावीला ९१ टक्के होते, आता गणितात १०० पैकी ६२ मिळाले. माझा मेहुणा टेक्सासला असतो. अमेरिकेचं सैन्य सायबर ट्रेनिंग आणि टेस्टिंगच्या केंद्रांवर भरपूर पैसा घालतंय, तिथे माणसं लागणार, असं तो सांगतो, बातम्याही पाठवतो. इथे बी.टेक., तिकडे एम.एस. आणि मग थेट त्या केंद्रात नोकरी, असं आम्ही ठरवलं आहे. पुण्यातली एक संस्था आतापासूनच त्याचं पॅकेज देते. डिपॉझिट भरणार आहे, पुढे लागलं तर दीड एकर रान तारण ठेवू. अडचण एवढीच की मुलगी कॉम्प्युटरवर वेळ घालवते. जुन्या लॅपटॉपवर तिने लिनक्स की काय ते टाकलं होतं. मी दुकानात नेऊन सगळं साफ करून पुन्हा विंडोज टाकून आणलं. आता तो कपाटात आहे. तिला काही विचारलेलं नाही, या वयात मुलं काहीही सांगतात. कोणत्या परीक्षेची तयारी आधी सुरू करावी? – एक पालक, सांगली जिल्हा

उत्तर : नमस्कार. परीक्षेचं नंतर सांगतो. लॅपटॉपबद्दलचं तुमचं लिहिणं वाचून मला फार वाईट वाटलं, म्हणून आधी त्याबद्दल.

तुमच्या मुलीने काय केलं होतं ते समजून घ्या. लिनक्स ही विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली. ती टाकायची म्हणजे पेन ड्राइव्हवर इन्स्टॉलर तयार करणं, मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये जाऊन क्रम बदलणं, डिस्कचे भाग पाडणं, आणि जुन्या लॅपटॉपवर हमखास अडतं ते वायफाय कसंबसं चालू करणं. हे तिला कुणी शिकवलं नाही, कुणी मार्कही देणार नव्हतं. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला असलेली मुलं माझ्याकडे येतात, त्यांतल्या कितीतरी जणांची एवढं करायची हिंमत होत नाही. मुलीने सायबर क्षेत्रात जावं म्हणून तुम्ही रान तारण ठेवायला निघालात, आणि त्याच क्षेत्रातलं तिने आपणहून हाती घेतलेलं पहिलं काम पुसून टाकलंत. त्याला तुम्ही टाइमपास समजता. मी त्याला कल म्हणतो, आणि तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची माहिती मला तीच वाटते.

‘आम्ही ठरवलं आहे’ असं तुम्ही लिहिता. यातले ‘आम्ही’ म्हणजे तुम्ही आणि मेहुणे. मुलगी पत्रात येते ती टक्के आणि गुण घेऊन, तिची आई तर येतच नाही. सोळा-सतरा वर्षांची मुलं काहीही सांगतात हे खरं आहे. तरीही त्यांना विचारावं लागतं, कारण पुढची सात-आठ वर्षं अभ्यास त्यांनाच करायचा असतो. न विचारता ठरवलेली मुलं पहिल्या वर्षी गप्प राहतात आणि तिसऱ्या वर्षी केटी घेऊन माझ्याकडे येतात.

आता मेहुण्यांच्या बातम्यांकडे वळू. त्या खोट्या नाहीत. अमेरिकेच्या संरक्षण खात्याची ‘नॅशनल सायबर रेंज’ ही डार्पा या संशोधन संस्थेने उभी केली आणि २०१२ मध्ये खात्याच्या चाचणी विभागाकडे सोपवली. तिचं मूळ ठिकाण फ्लोरिडातलं ऑरलँडो, पुढे ती इतरत्रही वाढवली. तिथे आभासी मशीनचं (म्हणजे एका संगणकात सॉफ्टवेअरने तयार केलेल्या संगणकांचं) खोटं जाळं उभारतात, त्यावर खरे हल्ले करून पाहतात आणि काम संपलं की सगळं पुसून दुसऱ्या चाचणीसाठी नव्याने मांडतात. सैनिकांच्या सरावासाठी वेगळी यंत्रणा आहे, तिच्यात आपापल्या तळावरूनच लॉग-इन करता येतं. यावर एवढा खर्च का, तेही सांगतो. तिथल्या संसदेसाठी काम करणाऱ्या जीएओ या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१८ मध्ये अहवाल दिला. विकसित होत असलेल्या ज्या शस्त्रप्रणालींची २०१२ ते २०१७ या काळात चाचणी झाली, त्यांपैकी जवळजवळ सगळ्यांत गंभीर सायबर त्रुटी सापडल्या होत्या. एका चाचणीत दोघांच्या टीमला एका प्रणालीत शिरायला तासभर पुरला आणि तिचा पूर्ण ताबा घ्यायला एक दिवस. दुसऱ्या एका ठिकाणी ॲडमिनचा पासवर्ड ९ सेकंदांत ओळखला गेला. हे वाचल्यावर पैसा का वाढतो ते कळतं, आणि तो वाढायलाच हवा असं माझंही मत आहे.

पण त्या पैशातून तयार होणाऱ्या नोकऱ्या तुमच्या मुलीसाठी नाहीत. तुमचा सगळा बेत या एका गैरसमजावर उभा आहे. अशा केंद्रात बसायला ‘सिक्युरिटी क्लिअरन्स’ म्हणजे गोपनीय माहिती हाताळायचा सरकारी परवाना लागतो आणि तो अमेरिकेत मोजके अपवाद सोडले तर फक्त नागरिकांना मिळतो. सैन्याची खाजगी कंत्राटं घेणाऱ्या कंपन्यांनाही गोपनीय कामासाठी हाच नियम लागू आहे. एम.एस. केलं, कॉलेज नामांकित असलं, नोकरीसाठीचा एच-वन-बी व्हिसा मिळाला, तरी हे दार उघडत नाही. तिथलं सरकार सायबर शिक्षणासाठी जी शिष्यवृत्ती देते आणि त्याबदल्यात सरकारी नोकरी करून घेते, तीसुद्धा नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांपुरतीच आहे. भारतीयांना ग्रीन कार्डसाठी किती वर्षं रांगेत थांबावं लागतं हे मेहुण्यांना चांगलं माहीत असेल, त्यांनाच विचारा. खाजगी कंपन्यांत सायबर सुरक्षेची कामं मिळतात, पण तो वेगळा रस्ता आहे आणि त्यासाठी आत्ता डिपॉझिट भरायचं काही कारण नाही.

मुलीला संरक्षण क्षेत्राचीच ओढ असेल (हे तिला विचारल्यावरच कळेल), तर आपल्याकडे वाटा आहेत : बारावीनंतर एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी), जिथे २०२२ पासून मुलीही कॅडेट आहेत, किंवा इंजिनिअरिंग करून महिलांसाठीची टेक्निकल शॉर्ट सर्व्हिस एंट्री (ठरावीक वर्षांसाठी लष्करी अधिकारी), डीआरडीओ ही संरक्षण संशोधन संस्था, पुण्याच्या डीआयएटी या संरक्षण तंत्रज्ञान संस्थेतलं एम.टेक. किंवा सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचा सुरक्षा विषयातला पदव्युत्तर डिप्लोमा. लष्कराचं सायबर प्रशिक्षण मध्य प्रदेशात महूच्या दूरसंचार अभियांत्रिकी महाविद्यालयात चालतं, पण तिथे आधी अधिकारी होऊन जायचं असतं. तिन्ही दलांच्या डिफेन्स सायबर एजन्सीतही दलांतूनच माणसं घेतली जातात. क्लासचं सर्टिफिकेट दाखवून थेट आत शिरता येत नाही, कुणी सांगितलं तरी विश्वास ठेवू नका.

गणिताच्या ६२ गुणांची चिंता करा, पण बेताने. तुम्ही परीक्षेचं विचारलंत, तर इंजिनिअरिंग प्रवेशाच्या सीईटीसाठी गणित सुधारावंच लागेल. त्यासाठी चांगला शिक्षक बघा, शेजारी बसून पहारा नको.

घरी काय करायचं ते सांगतो. लॅपटॉप काढून तिच्या हातात द्या आणि जे पुसलं त्याबद्दल तिला सरळ सॉरी म्हणा. तिला हवं ते पुन्हा टाकू दे. मशीनला झेपत असेल तर व्हर्च्युअलबॉक्स हे मोफत सॉफ्टवेअर वापरून ती त्यात दोन छोटी आभासी मशीन उभी करेल : एकावरून दुसऱ्यात शिरायचा प्रयत्न करायचा, जमलं तर कसं जमलं ते वहीत लिहायचं, मग ती फट बुजवायची. ऑरलँडोत मोठ्या प्रमाणावर हेच चालतं. आणि लिहिण्याचं महत्त्व कमी समजू नका. एस्टोनियातल्या टालिनचं नाटोशी संलग्न सायबर केंद्र २०१० पासून जवळजवळ दरवर्षी ‘लॉक्ड शील्ड्स’ हा सराव भरवतं. तिथे संघांना यंत्रणा वाचवण्याबरोबर कायद्याचे प्रश्न आणि पत्रकारांना द्यायची उत्तरंही सांभाळावी लागतात, त्यालाही गुण असतात. म्हणून तिचं इंग्रजी आणि मराठी दोन्ही नीट राहू द्या.

एक बंधन मात्र घाला, आणि ते कारणासकट सांगा. प्रयोग फक्त स्वतःच्या मशीनवर. कॉलेजचं वायफाय, मैत्रिणीचं अकाउंट, कुठली वेबसाइट, यांत गमतीनेही परवानगीशिवाय शिरायचं नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि असा गुन्हा नोंदला गेला की संरक्षण क्षेत्रातल्या कुठल्याही चारित्र्य पडताळणीत तो आडवा येतो.

दोन महिने असं चालू द्या. त्यानंतरही तिला यातच रस असेल, तर मला तिच्याशी बोलायचं आहे. तुम्ही सोबत या, पण बोलू तिला द्या. आणि ती म्हणाली की मला हे नको, मला वेगळंच काही करायचंय, तर तेही ऐकून घ्या.

पुण्याच्या त्या संस्थेला आज पैसे भरू नका. भरले असतील तर पावतीवरच्या परताव्याच्या अटी वाचा आणि पैसे लेखी अर्ज करून परत मागा. अमेरिकी लष्करी केंद्रातल्या नोकरीचं आश्वासन त्यांनी दिलं असेल, तर तेही त्यांच्याकडून लेखी मागा. ते देणार नाहीत.