दुर्बळ कोण, मासा की वीज?

प्रश्न आहे : दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधल्या 'वीकली इलेक्ट्रिक नाइफफिश'ला मराठीत 'दुर्बळ विद्युत सुरीमासा' म्हणावं का?

मुळीच नाही. परवा एका भाषणातही 'हे दुर्बळ मासे' ऐकलं आणि कानात खडा गेल्यासारखं झालं. ॲमेझॉनच्या गढूळ पाण्यात, रात्रीच्या अंधारात, स्वतःभोवती विजेचं क्षेत्र उभारून त्यातल्या बारीक फरकांवरून अळी कुठली नि दगड कुठला हे ओळखणारा प्राणी दुर्बळ? यांच्यातलाच, काचेच्या टाक्यांतून विकला जाणारा 'ब्लॅक घोस्ट' मासा सेकंदाला हजाराच्या आसपास स्पंदनं सोडतो, तीही अहोरात्र. क्षीण आहे ती वीज; बहुतेकांची एका व्होल्टच्याही आत. तेव्हा बहुव्रीही करा : मंद आहे विद्युत ज्याची तो, 'मंदविद्युत' मासा.

पण खरी गंमत 'विद्युत'मध्येच आहे. 'द्युत्' म्हणजे चमकणं, 'वि' जोडला की लखलखणं. त्याचं प्राकृत 'विज्जु', आणि तिथून आपली वीज. आकाशात चमकतो तो खद्योत, म्हणजे काजवा, हा त्या धातूचा अस्सल वारस. या माशाची वीज मात्र तसूभरही चमकत नाही! इंग्रजी शब्दाचीही तीच तऱ्हा. तो ग्रीकांच्या राळेच्या खड्यावरून, 'इलेक्ट्रॉन'वरून आलेला. विजेच्या माशांना स्पॅनिश लोक 'तेंब्लादोर', थरथरवणारा, म्हणाले ते जास्त प्रामाणिक, पण ते झटका देणाऱ्यांपुरतंच.

मला विचाराल तर हा 'चाहूलमासा'. चाहूल देता येते, घेता येते, आणि लागतेही. मासा तिन्ही करतो. 'शास्त्रीय वाटत नाही' म्हणणाऱ्या परिभाषावाल्यांना इलेक्ट्रिक ईलसाठी 'विद्युत वाम' मात्र शास्त्रीय वाटतो! इलेक्ट्रिक ईल वामही नाही आणि ईलही नाही. तो या सुरीमाशांचाच भाऊबंद. 2019मध्ये त्याच्या एका जातीत 860 व्होल्ट मोजले गेले. सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 1766मध्ये त्याला 'जिम्नोटस'मध्येच, म्हणजे 'उघड्या पाठी'वाल्यांत घातलं होतं; पाठीवर पर नाही म्हणून.

हो, सुरी राहिलीच. 'सुरीमासा' चालेल, पण एकटा नको. आपल्या नद्यांतला नोटॉप्टेरस मासाही इंग्रजीत नाइफफिशच. त्याच्या नावातच 'पाठीचा पर' आहे, आणि तो वीज सोडत नाही.