सगळे सांभाळून घेतात, तरी ओझं का वाटतं?

“ऑपरेशननंतर कामावर रुजू झाले. ऑफिसात सगळे खूप सांभाळून घेतात. तरी घरी आले की रडू येतं. मी कृतघ्न आहे का?” हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत मला पुष्कळांनी विचारला आहे. त्यांपैकी एका ताईंची हकीगत त्यांच्या परवानगीने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई पंचेचाळिशीच्या, हिशेब खात्यात बरीच वर्षं काम केलेल्या. गर्भाशयातल्या गाठींमुळे वर्षभर अतिरक्तस्राव होत होता. शेवटी पोटावर छेद घेऊन गर्भाशय काढावं लागलं. सात आठवड्यांनी त्या कामावर परतल्या. पहिल्याच दिवशी पाहतात तर त्यांचं टेबल जिन्याजवळून लिफ्टजवळ हलवलेलं, वरच्या कप्प्यातल्या फायली खाली काढून ठेवलेल्या. कोणी त्यांना साधी पिशवी उचलू देईना. महिनाअखेरीचं क्लोजिंग, म्हणजे महिन्याचे हिशेब जुळवून बंद करण्याचं काम, एका ज्युनिअर मुलाकडे सोपवलं होतं. साहेब म्हणाले, “तुम्ही फक्त बसा, बाकी आम्ही बघतो.”

आणि या ताई काय करत होत्या? दिवसभर “मी एकदम ठीक आहे” म्हणत हसत होत्या आणि रात्री घरी लॅपटॉप उघडून राहिलेलं काम उरकत होत्या. कोणी काही म्हणण्याआधी आपणच भरपाई करून टाकावी म्हणून.

मी त्यांना विचारलं, “दिवसातली सर्वांत कठीण वेळ कोणती?” त्या चटकन म्हणाल्या, “दुपारी तीननंतर. आकडे डोळ्यांसमोर तरंगतात. एकच बेरीज चार वेळा करते.” हे ऑफिसात कोणाला सांगितलंय का? तर नाही. टाके सगळ्यांना कळतात, हा थकवा कोणाला सांगणार, असं त्यांचं म्हणणं.

माझ्या मते खरी अडचण इथेच होती. सहकारी मनापासून मदत करत होते, पण अंदाजाने. त्यांना जखम ठाऊक होती, म्हणून ते वजन उचलत होते. थकवा ठाऊकच नव्हता. त्यामुळे जिथे हात हवा होता तिथे ताई एकट्या पडल्या आणि जे त्यांना सहज जमलं असतं, ज्यात त्यांचा अभिमान होता, ते क्लोजिंग न विचारता काढून घेतलं गेलं. फायली कोणी उचलून दिल्या तर त्यांना बरंच वाटत होतं. रडू येत होतं ते क्लोजिंगमुळे. “माझ्यावाचून चाललं की सगळं,” हे त्या बोलल्या तेव्हा कुठे खरं दुखणं बाहेर आलं. याला कृतघ्नपणा कसा म्हणायचा?

मनाचं बोलण्याआधी मी त्यांना पुन्हा डॉक्टरांकडे पाठवलं. महिनोन्महिने रक्त गेलेल्या बाईचा थकवा नुसता मनाचा धरून चालणं मला पटत नाही. तपासणीत हिमोग्लोबिन कमीच निघालं, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी एक गोष्ट नीट समजावली. वरून जखम भरलेली दिसली तरी आतल्या उतींना मूळच्या सुमारे ८० टक्के ताकद यायला तीनेक महिने लागतात. म्हणजे सहा ते आठ आठवड्यांनी कामावर जाता येतं, पण त्या दिवशी माणूस पूर्ववत झालेला असतोच असं नाही. (अंडाशयंही काढली असतील तर रजोनिवृत्ती एकदम येते. अंगातून वाफा निघणं, झोप उडणं, मन उदास होणं हे त्यातूनही असू शकतं. डॉक्टरांना जरूर विचारा.)

मग आम्ही साहेबांशी काय बोलायचं ते ठरवलं. ताईंचा पहिला मसुदा नुसत्या माफीचा होता: “माझ्यामुळे सगळ्यांना त्रास होतोय, पण…” तो बाजूला ठेवला. शेवटी त्या जे बोलल्या ते साधं होतं: “जड उचलायला अजून महिनाभर मदत लागेल. क्लोजिंग मी करते, पण सकाळच्या वेळात. दुपारी तीननंतर आकड्यांचं काम नको, पत्रव्यवहार द्या. महिन्याने आपण पुन्हा बोलू.” सोबत कामाचे तास हळूहळू वाढवण्याबद्दल डॉक्टरांची चिठ्ठी जोडली. महिन्याची मुदत मी आग्रहाने घालायला लावली. मुदत नसली की घेणाऱ्याला मदत उपकारासारखी वाटू लागते आणि देणाऱ्यालाही कुठे थांबावं ते कळत नाही.

साहेब म्हणाले, “अहो, आधी का नाही सांगितलंत? आम्हाला वाटलं, तुम्हाला आराम देतोय.” तो मुलगा तर सुटकेचा निःश्वास टाकून मोकळा झाला, क्लोजिंगचं त्याला दडपण आलं होतं. आता व्हाउचर तो जुळवतो, शेवटचा ताळा ताई बघतात.

कोणतं ऑपरेशन झालं हे सांगण्याची सक्ती तुमच्यावर नाही, हेही आम्ही बोललो. ताईंनी दोन मैत्रिणींना सांगितलं होतं. बाकीच्यांना “पोटाचं होतं, आता बरं आहे” एवढं पुरलं. रोज सकाळी काळजीने चौकशी करणाऱ्या एका काकांना त्या म्हणाल्या, “काका, रोज नका विचारू, मला लागलं तर मी तुम्हालाच हाक मारीन.” काका रागावले नाहीत.

तुम्हीही याच वळणावर असाल तर रात्री घरी काम करणं आधी थांबवा. भरून येणाऱ्या शरीराला झोप हवी असते. ताप, जखमेतून स्राव, पोटरीला सूज किंवा धाप लागणं यांपैकी काही दिसलं तर ऑफिस बाजूला ठेवून लगेच डॉक्टर गाठा. आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ रोजच रडू येत असेल, कशातच मन लागत नसेल, तर तेही डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला स्पष्ट सांगा.