९ वर्षांच्या मुलाला बुद्धिबळात आधी कोणतं ओपनिंग (डावाच्या सुरुवातीच्या चालींची पद्धत) शिकवावं, लंडन की इटालियन?

इटालियनच. तुम्ही लिहिलंय, 'सर म्हणतात लंडनच्या पहिल्या १२ चाली पाठ करून घ्या'. ते वाचलं आणि राहवलं नाही.

१९९८. राजारामपुरीतल्या एका हॉलमध्ये १३ वर्षांखालची जिल्हा निवड, शेवटची फेरी. माझ्याकडं काळी मोहरी. इटालियन, त्यातला टू नाइट्स (काळा आपले दोन्ही घोडे बाहेर काढतो तो प्रकार), आणि समोरच्यानं घोडा जी५ या घरावर आणला. मला आनंदच झाला, कारण ही लाइन, म्हणजे चालींचा ठरलेला क्रम, माझ्या सरांनी वहीत लिहून देऊन रोज म्हणून घेतली होती. मी प्यादं डी५ ला, त्यानं प्याद्यानं मारलं, माझा घोडा ए५, उंटाचा शह, सी६ वर मारामारी. आठव्या चालीला वहीतला पांढरा उंट ई२ वर मागं जायचा. ह्या पोरानं उंट बी५ वरच ठेवला आणि वजीर एफ३ वर आणला.

वही तिथं संपली. २० मिनिटं मी पटाकडं बघतोय असं सगळ्यांना वाटलं; मी वहीचं पान आठवत होतो. मग उंट फुकट दिसला, प्याद्यानं खाल्ला. सी६ रिकामं झालं, तिरपी रेघ उघडली आणि वजिरानं ए८ चा हत्ती उचलला.

आपण प्यादं सोडतो ते पांढऱ्याचे घोडा-उंट हाकलत आपली मोहरी भराभर बाहेर काढायला, हे मला कुणी एकदाही सांगितलं नव्हतं. माहीत असतं तर हत्ती बी८ वर सरकवायचं सुचलं असतं. आणखी एक प्यादं गेलं असतं, पण जोर माझा असता.

सर सगळ्यांदेखत बाबांना म्हणाले, "पोराचं पाठांतर कच्चं आहे." बाबा गप्प राहिले. पाठांतर पक्कं होतं. आजही ती लाइन झोपेतून उठवलं तरी म्हणेन.

लंडन वाईट नाही, माजी विश्वविजेता कार्लसनही खेळलाय. पण लहान पोरगं समोर काहीही आलं तरी तोच उंट एफ४, तीच ई३-सी३ ची भिंत लावत बसतं. पटाचा मध्य फुटला की काय करायचं ते शिकतच नाही. इटालियनमध्ये एफ७ वरचा मारा, वेळेत कॅसलिंग (राजाला हत्तीच्या आड नेणं), प्यादं डी४ ला ढकलून द्यायचा धक्का हे सगळं पहिल्या दहा डावांतच अंगावर येतं.

स्पर्धा आठवड्यावर असेल तर मात्र आता काही बदलू नका. त्याला लंडन मनापासून आवडत असेल तरी राहू दे. आणि काळ्यानं पहिल्या चालीला ई५ ऐवजी सी५ किंवा ई६ खेळलं तर इटालियन होतच नाही, त्याची तयारी वेगळी करावी लागेल.

डाव हरून आला की स्कोअरशीट (चाली लिहिलेला कागद) घेऊन बसा. कुठली चाल चुकली ते सांगायच्या आधी, तिथं त्याला काय दिसत होतं ते विचारा. विचाराल तेव्हा सरांनाही शेजारी बसवा.