पासिंग संपलेल्या टिप्परला अपघात, कंपनी म्हणते पैसे नाही

डिचोलीहून एका टिप्परमालकाने विचारलंय. एकच गाडी, १० वर्षं जुनी, पासिंग (म्हणजे फिटनेस सर्टिफिकेट) संपून दीड महिना झालेला आणि साखळीजवळ स्कूटरला धक्का लागून स्कूटरवाल्याचा पाय मोडला. इन्शुरन्स चालू, ब्रेकचं काम आदल्याच महिन्यात केलेलं. कंपनीचं पत्र आलं, फिटनेस नाही म्हणून काही मिळणार नाही. आता एक एजंट मागच्या तारखेचं सर्टिफिकेट आणून देतो म्हणतोय, घेऊ का?

भाऊ, अजिबात नको. फिटनेस आता ऑनलाईन तारखेसकट चढतं, कंपनीचा वकील आधी तेच उघडून दाखवेल, मग आज जी गोष्ट दंडावर भागते तिचा बनावट कागदाचा फौजदारी गुन्हा होईल आणि तुमची खरी बिलंसुद्धा कोणी खरी मानणार नाही.

८ वर्षांवरच्या व्यावसायिक गाडीला दरवर्षी पासिंग लागतं. ते नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे रजिस्ट्रेशनच वैध नाही असं धरतात, कंपनी ह्याच मुद्द्यावर अडून बसलीय. केरळ हायकोर्टाच्या पूर्ण पीठानेही २०१८ साली हा पॉलिसीच्या अटींचा मूलभूत भंग मानलाय, त्यामुळे मुद्दा हलका नाही. पण जखमीचा क्लेम म्हणून बुडत नाही, ट्रिब्युनल (अपघात भरपाईचं न्यायाधिकरण) बरेचदा कंपनीला आधी भरायला लावतं आणि नंतर मालकाकडून वसुलीची मुभा देतं. तुम्हाला लढायचंय ते ह्या वसुलीशी.

त्यासाठी अपघातानंतर एमव्हीआयने (आरटीओच्या मोटार वाहन निरीक्षकाने) गाडी तपासली त्या रिपोर्टची कॉपी पोलिसांकडून घ्या, त्यात ब्रेक चालू होते असं आलं असेल तर तोच तुमचा सगळ्यात मोठा पुरावा. ब्रेक लायनरचं बिल शोधा. नुसती "ब्रेक काम" लिहिलेली चिठ्ठी चालत नाही, गाडी नंबर, तारीख आणि सही पाहिजे, नसेल तर मेकॅनिकला साक्षीला यायला आत्ताच विचारून ठेवा.

टिप्परच्या स्वतःच्या नुकसानीचं म्हणाल तर ती बाजू कच्ची आहे, तरी कंपनीला लेखी उत्तर द्या आणि नॉन-स्टँडर्ड बेसिसवर (म्हणजे अट मोडली तरी क्लेमचा काही भाग) ७५ टक्क्यांपर्यंत मागा, सुप्रीम कोर्टाने २०१० साली एका प्रकरणात तसं दिलंय. नाहीच ऐकलं तर २ वर्षांच्या आत ग्राहक आयोग.

आणि पासिंग होईपर्यंत गाडी भाड्याला काढू नका, हप्ता थकला तरी.