इंदूरहून महेश्वर आणि बाग: मांडू या वेळी सोडा

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून येताय, इंदूरला मावशीकडे उतरणार, सोबत आई आणि सासूबाई, हाताशी गाडी आणि फक्त शनिवार-रविवार. एवढ्यात महेश्वर, मांडू, ठशांच्या छापकामाचं बाग हे गाव आणि जमलं तर उज्जैनचं भैरूगढ करायचंय. वर दोन प्रश्न: माहेश्वरी साडी महेश्वरात स्वस्त मिळते का, आणि खरी कशी ओळखायची?

आधी बेताचं बोलते. नाही बसत. मांडू आणि भैरूगढ दोन्ही काढून टाका. मांडू काही जाता जाता डोकावायचं गाव नव्हे, त्याला अख्खा दिवस द्यावा, तोही पावसाळ्यातला. भैरूगढचं मेणाचं बाटिक सुरेख असतं, पण उज्जैन अगदी उलट्या दिशेला. महाकालाला जाल तेव्हा तेही उरकेल. उरलं महेश्वर आणि बाग. शनिवारी महेश्वर, रात्री तिथेच मुक्काम, रविवारी सकाळी बाग आणि धारमार्गे इंदूर. आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना मी गेली कित्येक वर्षं हाच फेरा घडवते. मावशी म्हणतील, "एका दिवसात होतं की सगळं!" होतं. पण मग साड्यांचे गठ्ठे तेवढे दिसतात, त्या कशा होतात ते नाही.

महेश्वर इंदूरहून नव्वदेक किलोमीटर. सरळ रस्ता आग्रा-मुंबई महामार्गाने मानपूर, धामनोद आणि तिथून डावीकडे. दुसरा महूवरून जाम गेट, मंडलेश्वर असा. जाम गेट अहिल्याबाईंच्या काळातलं, तिथून खाली निमाडचा जो पसारा दिसतो तो बघण्यासारखा आहे. मात्र घाट वळणावळणाचा. सासूबाईंना गाडी लागत असेल तर महामार्गच बरा. पोहे-जिलबी इंदूरमध्येच खाऊन निघा, पुढे तशी मिळत नाही. (हे इंदूरकर बोलतोय असं समजून सोडून दिलंत तरी चालेल.)

आता स्वस्ताईचा प्रश्न. फारशी नाही. रेशीम येतं बेंगळुरूकडून, सूत कोइमतूरकडून, जर सुरतेहून. महेश्वरात होतं ते विणकाम, आणि त्याची मजुरी कमी मिळावी अशी आशा आपण धरू नये. इंदूरच्या राजवाड्याजवळच्या चांगल्या दुकानातला भाव आणि महेश्वरातला भाव यांत तुमचं पेट्रोल निघेल एवढा फरक मला कधी दिसला नाही. महेश्वरात जायचं ते निवडीसाठी, आणि आपल्या मनासारखं विणून घेण्यासाठी. माझ्या आत्याला नऊवारी माहेश्वरी हवी होती, वांगी रंगाची, काठ हिरवा. इंदूरची सगळी दुकानं पालथी घातली, सगळीकडे सहावारीच. शेवटी महेश्वरात एका विणकराकडे बसून रंगाची लडी निवडली, दोन महिन्यांनी साडी घरपोच आली. नऊवारीचं आधीच सांगावं लागतं, कारण ताणा, म्हणजे उभे धागे, लावतानाच लांबीचा हिशेब धरलेला असतो. माग चालू झाल्यावर "अजून तीन वार वाढवा हो" म्हणून भागत नाही.

अहिल्याबाईंनी १७६७ साली कारभार हाती घेतला आणि महेश्वर राजधानी केलं. विणकर त्यांनीच बाहेरून आणून वसवले, असं सांगतात. पुढे राजधानी गेली, गिऱ्हाईक गेलं आणि विसाव्या शतकात माग एकेक करून थंडावले. १९७०च्या दशकाच्या शेवटी रिचर्ड आणि सॅली होळकरांनी रेहवा सोसायटी सुरू केली, बायकांना मागावर बसवलं, तेव्हा कुठे हे काम पुन्हा धरलं. रेहवाची कार्यशाळा जरूर बघा, सुटीचा वार तेवढा आधी विचारून घ्या. पण तिथेच थांबू नका. किल्ल्याखालच्या गल्ल्यांत शिरलात की घराघरातून खटखट ऐकू येते. दारात उभं राहून विचारलं तर बहुतेक जण आत बोलावतात. कांड्या भरणारी आजी, मागावर सून, असं चित्र दिसतं.

मागावर एकच गोष्ट नीट बघा: काठ. मागाच्या डोक्यावर डॉबी म्हणून एक लाकडी सांगाडा असतो, त्यात खुंट्या मारलेल्या पट्ट्यांची माळ फिरते. कुठली खुंटी कुठल्या भोकात, यावर काठाची नक्षी ठरते. विणकर पायाने पावडी दाबतो, वर एक पट्टी सरकते, ताण्याचे काही धागे उचलले जातात, आडवा धागा घेऊन धोटा सुटतो, फणी आपटते, पुन्हा पावडी. विटांची नक्षी, चटई, हिरा, लहर, सगळं या खुंट्यांतून उतरतं. मग किल्ल्याच्या भिंती आणि घाटावरच्या देवळांचं कोरीवकाम बघायला जा, हीच नक्षी दगडात दिसेल. आधी माग, मग घाट. उलट केलंत तर ओळख पटत नाही.

खरी कशी ओळखायची याचं उत्तरही काठातच आहे. माहेश्वरीचा काठ दोन्ही बाजूंनी नेसता येतो, त्याला बुगडी म्हणतात. उलटून बघा. मागच्या बाजूला कापलेल्या धाग्यांची जाळी लोंबत असेल तर ती साडी खाली ठेवा. मी स्वतः फसलेय म्हणून सांगते. घाटाच्या वाटेवर एका दुकानात नणंदेसाठी "एकदम हँडलूम, दीदी" म्हणत दिलेली साडी घेतली, उजेडात नेऊन बघायचाही कंटाळा केला. घरी उलगडली तर अंगाच्या कडेला आडव्या धाग्यांची कापलेली झालर. हातमागावर धोटा धागा घेऊन जातो आणि तोच धागा परत आणतो, त्यामुळे कड बंद असते. कडेला अशी झालर दिसली की ते बिनधोट्याच्या यंत्रमागाचं काम. मात्र कड बंद आहे म्हणजे हातमागच, असंही नाही, धोट्याचे यंत्रमागही असतात. म्हणून हातमागाचा शिक्का बघा, आणि शक्य तर जिथे माग डोळ्यांना दिसतो तिथूनच घ्या. दुसरं, पदर. जुन्या पद्धतीच्या पदरावर पाच पट्टे असतात, तीन रंगीत आणि मध्ये दोन पांढरे.

रेशमाबद्दल गोंधळ फार होतो. मुळात माहेश्वरी सुतीच होती. आज बहुतेक साड्यांत ताणा रेशमाचा आणि बाणा, म्हणजे आडवा धागा, सुताचा असतो, म्हणून चमकते आणि उन्हाळ्यात अंगाला चिकटत नाही. तेव्हा कोणी "शुद्ध रेशमाची" म्हणून जास्त पैसे मागितले तर आडवा-उभा दोन्ही धागे काढून जाळून दाखव म्हणावं. रेशमाला केस जळल्याचा वास येतो, सुताला कागदाचा. आणि दुकानदार "चंद्रकला" म्हणाला की तुमच्या आईंच्या डोळ्यांसमोर संक्रांतीची काळी चंद्रकळा येणार. ती नव्हे. महेश्वरात साध्या अंगाच्या साडीला चंद्रकला म्हणतात. पट्ट्यांच्या किंवा चौकडीच्या त्या चंद्रतारा, बेली, परबी.

संध्याकाळी घाटावर बसा. सकाळी लवकर उठलात तर राजवाड्यात मातीची शिवलिंगं करून पूजा होते ती बघा, अहिल्याबाईंपासून चालत आलेली आहे. घाटाच्या पायऱ्या उंच आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी वर अहिल्येश्वराच्या आवारातच थांबलेलं बरं.

रविवारी बाग. महेश्वरहून धामनोद, मनावर करत शंभरेक किलोमीटर, रस्ता मध्ये मध्ये अरुंद, तीन तास धरा. खरं सांगू? तुमच्याकडे एकच दिवस असता तर मी महेश्वरऐवजी बागला पाठवलं असतं. माहेश्वरी पुण्यातही मिळेल, बागची कापड रंगवायची भट्टी पुण्यात मिळणार नाही.

लाकडी ठशांनी कापड छापायचं हे काम खत्री मंडळींचं. पूर्वज सिंधमधून मारवाडमार्गे मनावरला आले, आणि १९६२ च्या सुमारास काही घरं बागला सरकली ती बाघिनी नदीच्या पाण्यासाठी. गिऱ्हाईक म्हणजे आसपासचे भिल्ल-भिलाले, त्यांचे घागरे, लुगडी, जाजमं. स्वस्त सिंथेटिक कापड आलं आणि ते गिऱ्हाईक निसटलं. इस्माईल सुलेमानजी खत्रींनी हेच ठसे साड्या-चादरींवर आणून कला शहरापर्यंत नेली.

आता कृती, कारण भाव इथेच कळतो. कोरं कापड आधी शेळीच्या लेंड्या, खार आणि एरंडेल यांच्या पाण्यात तुडवतात, धुतात, वाळवतात, पुन्हा तुडवतात. मग हिरड्याच्या पाण्यात बुडवलं की पिवळसर होतं. त्यावर लाकडी ठसे: काळ्यासाठी लोखंडाच्या गंजाचं पाणी, लालसाठी तुरटी, दोन्हींत चिंचोक्याची खळ. गंमत अशी की लाल ठसा मारताना लाल काही दिसतच नाही, एक फिकट डाग तेवढा. कापड आठ-दहा दिवस तसंच ठेवतात, नंतर वाहत्या पाण्यात नेऊन दगडावर आपटत धुतात. वाहतं पाणी यासाठी, की सुटलेला रंग पुन्हा कापडावर बसू नये. शेवटी तांब्याच्या मोठ्या हंड्यात अलिझरिन हा लाल रंग आणि धावडीची फुलं घालून कापड चार-सहा तास उकळतं. दोन माणसं काठ्यांनी ते फिरवत राहतात, आणि त्या वाफेत फिकट डागाचा लाल होत जातो. माझ्या सासूबाई, ज्यांना कशाचंच कौतुक नव्हतं, त्या हंड्याजवळ अर्धा तास उभ्या होत्या.

म्हणून नकली बाग ओळखायला सोपं. स्क्रीनने छापलेल्या कापडावर रंग वर बसलेला असतो, बोटाला कडक लागतो आणि मागची बाजू फिकी असते. खऱ्यात रंग कापडात मुरलेला असतो आणि दोन ठशांच्या सांध्यात कुठेतरी केसभर फरक दिसतो. हा फरक दाखवून भाव पाडू नका, प्लीज.

शुक्रवारी दुपारी नमाजाला काम थांबतं, पण तुमचा रविवार आहे. तरी आदल्या दिवशी फोन करून भट्टी लागलीय का विचारा, रोज लागतेच असं नाही. भर पावसाळ्यात तर जाऊच नका, नदी गढूळ आणि कापड वाळत नाही. बागच्या बौद्ध लेण्या गावापासून सातेक किलोमीटरवर आहेत. वेळ उरला तरच जा, कारण भिंतींवरची बरीचशी चित्रं आता तिथून काढून हलवलेली आहेत. जेवायला दाल-पानिया मिळाले तर सोडू नका, मक्याचे, पानात लपेटून गोवरीवर भाजलेले.

परतीला चारच्या आत निघा, अंधारात तो रस्ता नको. आणि बागची चादर घरी आणल्यावर पहिले दोन-तीन वेळा वेगळी धुवा, मिठाच्या गार पाण्यात. आमच्या घरात अजून तीन गुलाबी बनियन आहेत.